इफरा विमानात नव्हती

अल खोबर,
३ मार्च २००४

इस्मत,

सलाम लिहितो, कारण सलाम चुकवायचा नसतो. खुशाली विचारत नाही. समुद्रावर हवा खायला जाणारी माणसं खुशालच असतात.

फोनवर मी रिसीव्हर आदळला ते तू मनाला लावून घेतलंस, असं तुझी भाबी म्हणते. घे लावून. मी परत फोन करणार नाही आणि तुझा आला तर उचलणार नाही. फोनवर तू रडतेस, मी ओरडतो आणि मुद्दा राहून जातो. आता जे आहे ते कागदावर.

मुद्दा तुला समजलेला दिसत नाही म्हणून पहिल्यापासून सांगतो. इफरा माझ्या इकाम्यावर, इथे सौदीत राहायच्या परवान्यावर आहे. बारावीनंतर इथे आपल्या मुलांना कॉलेज नाही, म्हणून पोरीला तुझ्याकडे कॅनडाला पाठवली. बाहेर शिकणाऱ्या मुलांना सहा महिन्यांच्या आत एकदा इथे येऊन जावं लागतं. नाही आलं तर रीएंट्री, म्हणजे परत यायचा व्हिसा मरतो, इकामा मरतो. आणि अठरा ओलांडलेल्या मुलीचा नव्याने फॅमिली व्हिसा होत नाही, असं सगळे सांगतात. म्हणजे ज्या घरात ती वाढली त्या घरात तिला पाय ठेवता येत नाही. इथले सगळे आईबाप कॅलेंडरवर लाल गोल करून बसतात ते काय हौस म्हणून?

ती २९ ऑगस्टला निघाली. सहा महिने म्हणजे २८ फेब्रुवारी. मी सव्वीसचं तिकीट काढून पाठवलं, दोन दिवस प्रवासाचे धरून. सगळं मोजून मापून. भाबीने तिच्या खोलीत नव्या चादरी घातल्या. मी दम्मामच्या एअरपोर्टवर तीन तास उभा होतो. सगळी माणसं बाहेर आली, बॅगांचा पट्टा बंद झाला, आणि इफरा विमानात नव्हती.

मग तुझा फोन. काय तर म्हणे, बीचवर गेलो होतो, रस्त्यात झाड पडलं, अडकलो. फ्लाइटच्या दोन दिवस आधी बीचवर? फेब्रुवारीत? तिथे तर म्हणे स्वेटरवर स्वेटर घालावा लागतो. डोकं ठिकाणावर होतं का तुझं?

पूर्वी असं काही झालं तर आमच्या ऑफिसात हरिहर होता. आपला मिरजेचा. पासपोर्टाचं सगळं काम तोच बघायचा. व्हिसा लागला की पासपोर्टला चिठ्ठी टाचायचा, तिच्यावर पेन्सिलीने इंग्रजी तारीख, कधीपर्यंत परत यायचं ती. वीस वर्षं आम्ही चिठ्ठी बघायचो आणि तिकीट काढायचो. गेल्या जूनमध्ये त्याला घरी पाठवलं. सरकारी कामाच्या खुर्च्या आता सौदींनाच. त्याच्या जागी बदर म्हणून एक बसवलाय. चहा पितो, फोनवर हसतो, चिठ्ठी वगैरे काही टाचत नाही. आता तोच बदर म्हणतो, जवाजातात, पासपोर्टच्या सरकारी कचेरीत, अर्ज टाकून बघू, मुलगी का आली नाही त्याचं कारण लेखी आण.

तेव्हा लिही. इंग्रजीत एक कागद, सही करून. आणि मला मराठीत एक, कारण मलाही कारण पाहिजे.

इब्राहीम

*

नानायमो,
१७ मार्च २००४

दादा,

वालेकुम सलाम. खुशाली मीही सांगत नाही.

इंग्रजी कागद सोबत जोडलाय. तुझ्या मेव्हण्याने, तौकीरने, त्याच्या मिलच्या ऑफिसात टाइप करून आणला. त्यात लिहिलंय की २४ फेब्रुवारीला मी आणि इफरा आमच्या या बेटाच्या पश्चिमेच्या किनाऱ्यावर गेलो, वादळात रस्त्यावर झाड पडलं, रस्ता बंद झाला, म्हणून २६चं विमान चुकलं. चूक माझी. इफराची नाही. हे कागदात आहे आणि तुला इथेही लिहून देते.

तुला कारण पाहिजे तर ऐक. आमच्या घरापासून तो किनारा तीन तास. शेवटचा दीड तास डोंगरातून, नुसतं जंगल. माणूस नाही, दुकान नाही, फोन लागत नाही. झाडं एवढी जुनी की एकेका बुंध्याला मिठी मारायला आपल्या घरातली सगळी माणसं लागतील. फांद्यांवरून शेवाळ लोंबतं. वाटेवर पाटी, अस्वलं आहेत, मुलांना मोकळं सोडू नका. आणि त्या जंगलातून खाली उतरलं की एकदम समुद्र. मध्ये माड नाहीत, होड्या नाहीत, जाळी वाळत घातलेली नाहीत. जंगल संपतं तिथे वाळू सुरू. वाळूवर लाटांनी आणून टाकलेले ओंडके, घराच्या तुळईएवढे. धुकं. पाणी एवढं गार की बोटं दुखतात.

इफराने बूट काढले. मी ओरडले, तिने ऐकलं नाही, तुझीच मुलगी. पाण्याच्या कडेने ती चालत गेली, पार टोकापर्यंत, आणि मी ओंडक्यावर बसून बघत राहिले. तासभर. मग ती आली, माझ्या शालीत पाय गुंडाळून बसली आणि विचारलं, खोबर कुठल्या बाजूला? तिने स्वतःच हिशोब केला आणि समुद्राकडे बोट दाखवलं, मग म्हणाली, मागे जंगलाकडूनही तेवढंच येईल बहुतेक. आम्ही दोघी दुपारची जुहरची नमाज तिथेच पढलो, ओल्या वाळूवर चटई टाकून. किब्ला, मक्केची दिशा, मात्र तिने बरोबर काढली, त्यासाठी तिच्याकडे छोटं होकायंत्र आहे, तूच दिलेलं.

पोरगी सहा महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेत होती. तुमच्या तिथे हाफ मूनच्या बीचवर गाडीच्या काचा बंद करून समुद्र बघितलेली पोर ती. मला वाटलं, एक दिवस घेऊ दे. तुला राग आलाय, येऊ दे. पण ज्या भाषेत तू लिहिलंस ती भाषा मी अठरा वर्षांची होते तेव्हा ऐकून घेतली. आता मी बेचाळीसची आहे.

अर्ज टाक. काय होतं ते कळव. इफरा कॉलेजला जाते, जेवते, अभ्यास करते. तुझं नाव निघालं की खोलीत जाते.

इस्मत

*

अल खोबर,
२ एप्रिल २००४

इस्मत,

पत्र मिळालं. वर्णन छान आहे. शेवाळ, धुकं, अस्वलाची पाटी. कॅलेंडरवर छापायला दे.

तुझ्या पत्रात तीन पानं जंगल आहे आणि माझ्या मुलीच्या इकाम्याबद्दल अडीच ओळी. गाडी तू चालवत होतीस. तौकीर कुठे होता? फोन लागत नाही अशा ठिकाणी, वादळाच्या दिवसांत, परक्याच्या नव्हे भावाच्या मुलीला घेऊन जायचं, आणि वर मला सांगायचं की पोरगी मोकळा श्वास घेत होती. इथे काय आम्ही तिचा गळा दाबला होता? काचा बंद होत्या कारण बाहेर पंचेचाळीस डिग्री असतं, बाई. त्या काचांच्या आत एसी होता, समोसे होते, तिची आई होती. अकरा वर्षं दर गुरुवारी मी तिला त्या बीचवर नेलं. आता ते सगळं तुरुंग झालं का?

तू अठरा वर्षांची होतीस तेव्हाचं काढलंस, तर मीही काढतो. बाबा गेल्यावर तुझं लग्न ठरवायला मीच बसलो होतो, आणि तुला पुढे शिकायचंय म्हणालीस तेव्हा ते मोडायला सुद्धा मीच गेलो. सबंध मोहल्ल्याच्या शिव्या खाल्ल्या. ओरडलो असेन. पण मोडलं की नाही? त्याची ही फेड.

तुला तिथे बसून काय कळणार इथे काय चाललंय. ड्रॉइंग ऑफिसात आम्ही अकरा हिंदुस्थानी होतो, आता चौघं उरलो. धाहरानच्या बसमध्ये सकाळी अर्ध्या सीट रिकाम्या असतात. रोज कुणीतरी डबा खाताना सांगतो की त्याला कागद मिळाला. ज्या सौदी पोरांना मी स्केल धरायला शिकवली ते माझ्या ड्रॉइंगवर सह्या करतात. चोवीस वर्षांनी मला एकच गोष्ट पक्की माहीत होती, की संध्याकाळी घरी गेलो की माझं घर माझं आहे आणि माझी मुलगी सुट्टीत त्यात येते. तेवढं तू घालवलंस. एका सहलीपायी.

भाबी माझ्याशी बोलत नाही. नव्या चादरी अजून तशाच आहेत, ती कुणाला बसू देत नाही त्यांच्यावर.

कागद बदरला दिलाय. त्याने बघून ठेवला टेबलावर, म्हणाला फाइल मागवतो. फाइल मागवायला त्याला किती आठवडे लागतात बघू. हरिहर असता तर एव्हाना तो जवाजातातून तीनदा जाऊन आला असता.

इफराला हॉस्टेलमध्ये ठेव. तुझ्या घरात मला ती नको.

इब्राहीम

*

अल खोबर,
२५ एप्रिल २००४

प्रिय इस्मत,

सलाम. हे पत्र तुझ्या दादाला न सांगता लिहिते आहे. माझं अक्षर समजून घे, नववीनंतर मी सामानाच्या यादीशिवाय काही लिहिलेलं नाही.

अर्जाचं काही झालं नाही. मंगळवारी हे ऑफिसातून दुपारीच आले, कंपनीच्या बसने नाही, टॅक्सीने. मी विचारलं बदरने काय सांगितलं. म्हणाले, खलास. एवढंच. मग इफराच्या खोलीत जाऊन तिच्या चादरीवर बसले. मी दोन महिने त्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं, पण त्यांना उठा म्हणायचा धीर झाला नाही मला. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून तुझ्या नावाने परत सुरू. पूर्वी दिवसातून दोनदा चिडायचे, आता उठताबसता. भाजीत मीठ जास्त झालं तरी इस्मतमुळे.

मला तुझा राग आहे, लपवत नाही. तू तिला नेलंस ते चुकलंच. पण इस्मत, मी थकले. या भिंतींमध्ये मला आता लेकीच्या गोष्टी फक्त ओरडण्यातून ऐकू येतात. मी गावाला जाते. बाणकोटचं घर सासूबाईंच्या मागे बंद आहे, ते उघडते. परतीचा शिक्का नको म्हणून मीच सांगितलं, फायनल एक्झिटवर जाते. हे म्हणाले, परत येता येणार नाही. मी म्हटलं, जिथे माझी मुलगी येऊ शकत नाही तिथे मी येऊन काय करू. हिंदुस्थानात यायला तिला कुणाला विचारावं लागत नाही.

त्यांनी मला थांबवलं नाही. हेच मला समजत नाही. चोवीस वर्षांत बाजाराला एकटी जाऊ दिलं नाही त्या माणसाने.

इफराला सांग, हापूसचा शेवट तरी मिळतो का बघते, रसाची साटं वाळत घालून ठेवीन.

तुझी भाबी,
नूरुन्निसा

*

अल खोबर,
१० मे २००४

इस्मत,

नूरुन्निसा गेली. काल बाणकोटहून फोन आला, पोचली म्हणून. घर उघडलं म्हणे, पन्हळी बदलायला हव्यात.

आता मी या फ्लॅटमध्ये एकटा आहे. तीन खोल्या, तीन एसी. तुझ्या त्या एका दिवसाने माझी मुलगी गेली, माझी बायको गेली. तुला कळतं का तू काय केलंस? रात्रंदिवस एवढा एकच विचार असतो डोक्यात, की ती बाई त्या गाडीत बसलीच नसती तर.

तू माफीही मागितली नाहीस. चूक माझी, असं कागदावर लिहिलंस, जशी काय वीज कंपनीची तक्रार. मला ती ओळ दिसते आणि डोक्यात जाळ होतो.

आजपासून तुझं माझं काही नाही. ईदला फोन नको, कुणी मेलं तर कळवू नको. मी मेलो तर तुला कळवू नये असं इथल्या दोघांना सांगून ठेवलंय. खलास.

इब्राहीम

*

नानायमो,
२८ मे २००४

दादा,

हे पत्र तू फाडणार असशील तर शेवटपर्यंत वाचून फाड.

मी इफराला शब्द दिला होता. आज तो मोडते आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही, राग वाटतो. तीन महिने मी तुझं ऐकून घेतलं. मुलगी घालवली, ऐकलं. बायको घालवली, तेही ऐकलं. पण कुणी मेलं तर कळवू नको, हे मी ऐकणार नाही. एवढं ऐकून घ्यायला मी तुझी बहीण आहे, भिंत नाही.

फेब्रुवारीच्या वीस तारखेला, शुक्रवारी, आमच्या इथल्या छोट्या मशिदीत नव्या हिजरी वर्षाचं कॅलेंडर वाटलं. सोमवारी मी ते स्वयंपाकघरात लावलं. इफरा बॅग भरत होती, पासपोर्ट टेबलावर होता. सहज म्हणून मी तुमच्या त्या शिक्क्यावरची तारीख वाचली. अरबी आकडे मला येतात, दादा. तुझ्याच शेजारी बसून मौलवींच्या छड्या खात शिकले. २९ जिल्हिज्ज लिहिलं होतं. मी नव्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर बघितलं. २९ जिल्हिज्ज म्हणजे वीस फेब्रुवारी. शुक्रवार. तीन दिवसांपूर्वी गेलेला.

त्या शिक्क्याचे महिने चांदाचे आहेत. सहा महिने म्हणजे एकशे शहात्तर दिवस. तू इंग्रजी मोजलेस. बोटांवर, ऑगस्ट ते फेब्रुवारी. सव्वीसच्या विमानाने ती आली असती तरी तिला दम्मामला तुझ्या डोळ्यांसमोर परत फिरवली असती. तुझं तिकीटच चुकीचं होतं.

मी लगेच फोनकडे गेले. इफराने माझा हात धरला. ती रडत नव्हती. म्हणाली, "फुफू, अब्बांना सांगू नकोस. त्यांच्या ऑफिसात रोज कुणीतरी त्यांना सांगतं की तुमची गरज नाही. त्यात हे त्यांनी स्वतः केलं असं कळलं तर ते उठणार नाहीत. मीच आले नाही असं सांग."

मी म्हटलं, तुझ्यावर नको, माझ्यावर घेऊ. मला त्याच्या ओरडण्याची सवय आहे.

मग काहीतरी कारण पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या किनाऱ्यावर गेलो. पाण्याच्या कडेने ती तासभर चालली ते मोकळा श्वास घ्यायला नाही. ती तुमच्या घराचा निरोप घेत होती. ती खोली, त्या चादरी, भाबीचं स्वयंपाकघर, गुरुवारचा तुझा बीच. मी ओंडक्यावर बसून रडत होते आणि तुला तीन पानं शेवाळ लिहून पाठवलं, कारण बाकी काय लिहिणार होते? झाड पडलं होतं हे खरं. दोन तासांत उचललं. संध्याकाळी आम्ही घरी होतो. सव्वीसला विमान गेलं तेव्हा ती इथे टेबलाशी बसून भात खात होती.

माझ्या लग्नाचं तू काढलंस. हो, मोडलंस, आणि त्याचे उपकार मी विसरले नाही. म्हणून तर तीन महिने गप्प बसले. फेड म्हणालास ना, ही फेड होती.

आता माहीत झालं तुला. आता कुणावर चिडायचं ते तू ठरव.

इस्मत

*

अल खोबर,
१६ जून २००४

इस्मत,

मला माहीत होतं.

तुझं पत्र यायच्या आधीपासून. वीस एप्रिलपासून. त्या मंगळवारी बदरने मला बोलावलं. फाइल समोर होती, तुझा इंग्रजी कागदही. त्याने व्हिसाची कॉपी माझ्यापुढे सरकवली आणि तारखेवर बोट ठेवलं. झाडाचा काही संबंध नाही म्हणाला. आवाज खाली ठेवून म्हणाला, शेजारच्या टेबलावर ऐकू जाऊ नये म्हणून. मग एक गोष्ट आणखी सांगितली, तीही मला आठवत होती, फक्त मी ती आठवायची नाही असं ठरवलं होतं. ऑगस्टमध्ये पासपोर्ट हातात देताना त्याने मला म्हटलं होतं, इब्राहीमभाई, हिजरी, हिजरी. दोनदा. मी त्याला म्हटलं, तू शाळेत होतास तेव्हापासून मी या देशात आहे, मला शिकवू नकोस. ऑफिसातले चौघं हसले. तोही कसनुसं हसला आणि पासपोर्ट देऊन टाकला.

तर मंगळवारी मी टॅक्सीने घरी आलो. भाबीला सांगायचं होतं. खलास एवढाच शब्द तोंडातून निघाला. ती जायला निघाली तेव्हाही सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. ती राहिली असती कदाचित, नाहीतर गेली असती, पण मला कळून गेली असती. मी दारात उभा राहून तिच्या बॅगेला दोरी बांधून दिली.

आणि त्यानंतर मी तुला दहा मेचं पत्र लिहिलं. सगळं माहीत असताना. बायको तुझ्यामुळे गेली, असं शाईने लिहिलं, आणि घडी घालून पोस्टात टाकलं. तुझ्यावर चिडायचं थांबवलं असतं तर माझ्याकडे काय उरलं असतं, इस्मत? सकाळी उठायला काहीतरी लागतं. मला तुझा राग लागत होता. हे मी माफीसाठी लिहीत नाही. तू माफ केलंस तर मी आणखी चिडेन.

मला वाटत होतं की तुला माहीत नाही. तू बिचारी खरंच झाडामागे अडकलीस आणि मी तुझ्या अंगावर सगळं ढकलतोय, असं समजून मी रोज स्वतःला शिव्या देत होतो आणि तुला पत्रातून. आणि तुम्ही दोघी पहिल्या दिवसापासून मला सांभाळत होतात. ते वाचल्यावर मी पत्र टेबलावर आपटलं. अठरा वर्षांची पोर बापासाठी खोटं बोलते, स्वतःचं घर सोडून देते, का तर बाप मोडेल. एवढा मी मोडका दिसतो तिला? माझ्या हातून तिचं घर गेलं ते एक. पण तिने मला ओरडायचीही संधी दिली नाही, रडायचीही नाही, समोर बसून चूक झाली म्हणायचीही नाही. याचा मला सगळ्यांत जास्त राग आलाय, आणि तो कुणावर काढायचा ते मला समजत नाही.

शनिवारी मी बदरच्या टेबलावर कागद ठेवला. फायनल एक्झिट. कंपनीने काढायच्या आत मीच. त्याने दोनदा वाचला. चहा मागवला, मी प्यालो. त्याने माझी सगळी कागदपत्रं एका आठवड्यात करून देतो म्हणून सांगितलं, आणि देईल. काम येतं त्याला, हे मला गेल्या ऑगस्टमध्येच बघता आलं असतं.

बाणकोटला अजून कळवलेलं नाही. नूरुन्निसाला हे तोंडाने सांगायचं आहे, उंबऱ्यावर, बॅग खाली ठेवायच्या आधी. आत घेईल की नाही ते तिचं ती बघेल.

इफराला हे पत्र वाचायला दे. सगळं, पुसून काही नाही. कॉलेजला सुट्टी लागली की तिला बाणकोटला पाठव, आणि तूही ये, भांडायला तरी ये. तिकिटं तू काढ. तारीख तूच बघ, दोन्ही कॅलेंडरांत बघ, आणि मला फक्त वार कळव, मी एअरपोर्टवर उभा राहतो.

तुझा दादा,
इब्राहीम